ॲमेथिस्ट : रंग, पैलू आणि व्यवहारातील सचोटी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)

सुवर्ण महोत्सवाच्या प्रसंगी सोन्याविषयी न बोलता सोन्यात बसवल्या जाणाऱ्या एका जांभळ्या खड्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. शिवाय ज्या वर्ध्याहून ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधींची हरिजन यात्रा निघाली आणि त्या यात्रेत ठिकठिकाणी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, त्या गावात दागिन्यांचे वर्णन करताना थोडा संकोच होणे स्वाभाविकच. परंतु रत्नांचा अभ्यास जैन परंपरेला परका नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६ व्या अध्ययनात पृथ्वीकायाचे भेद सांगताना स्फटिक, मरकत, इंद्रनील, वैडूर्य यांची नावे येतात. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या पदरी असलेले श्रीमाळ श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१५ साली रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, तोही आपल्या मुलाला ही विद्या यावी म्हणून. व्यापाऱ्याने माल ओळखावा आणि तो ओळखण्याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, ही दृष्टी त्यामागे होती.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करावी. समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. त्या टेकडीवर गोलसर दगडी गोटे सापडतात. लोककथा अशी की, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी त्या सत्पुरुषाची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा सत्पुरुषाने वाळक्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. ते व्यापारी मग तेथेच सेवेत राहिले, असे सांगतात. व्यापारी समाजाने ही कथा जरा लक्ष देऊनच ऐकावी!

भूशास्त्र त्या गोट्यांचा उगम वेगळा सांगते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आपल्या शेतातली काळी माती याच काळ्या दगडाची झीज होऊन तयार झाली. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि पोकळीच्या भिंतींवर खनिजे जमत गेली. गिरडचे गोटे झिओलाइट नावाच्या खनिजवर्गातले आहेत. अशाच पोकळ्यांत कोठे अकीक भरतो, कोठे पांढरी गारगोटी, तर जळगाव आणि औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात क्वचित जांभळ्या स्फटिकांचे झुबके निघतात. हा जांभळा स्फटिक म्हणजेच ॲमेथिस्ट. रत्नबाजारात त्याला जमुनिया किंवा कटेला म्हणतात.

म्हणजे ॲमेथिस्ट मूळची गारगोटीच. शेतात पायाला ठेचकाळते तीच जात. फरक एवढाच की, तिच्या स्फटिकात अत्यल्प लोह शिरलेले असते आणि आसपासच्या खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्गाने त्या लोहाचा जांभळा रंग उमटतो. ब्राझीलचा दक्षिण भाग आणि उरुग्वे येथे आपल्यासारखाच, पण आपल्याहून जुना, लाव्ह्याचा काळा दगड आहे. तेथील पोकळ्यांत माणूस उभा राहील एवढे मोठे ॲमेथिस्टचे गड्डे निघतात. आज बाजारात येणारा बराचसा कच्चा माल तेथला आणि आफ्रिकेतील झांबियाचा असतो. जयपूरच्या जोहरी बाजाराच्या परिसरात त्याला पैलू पडतात. त्या व्यापारात आपल्या समाजाची किती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे येथे सांगायला नको.

या खड्याच्या नावाची कथाही मौजेची आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न मातलेला’. हा खडा जवळ असला की मद्य चढत नाही, अशी ग्रीकांची समजूत होती. मद्य न पिता तोच परिणाम साधतो, हे आपल्या मंडळींना ठाऊक असल्याने त्यासाठी खड्याची गरज पडली नाही! रोमन लेखक प्लिनीने मात्र भारतातील ॲमेथिस्टला पहिला क्रमांक दिला होता.

एके काळी युरोपात या खड्याची गणना माणिक, पाचू, नीलम यांच्या पंक्तीत होई. राजघराण्यांचे दागिने आणि बिशपांच्या अंगठ्या यांत तो मानाने बसे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा माल भरभरून येऊ लागला आणि भाव कोसळला. खडा तोच, रंग तोच, चमकही तीच. बदलली ती आवक. कापूस आणि सूत यांच्या बाजारात वावरलेल्या वर्धा-हिंगणघाटच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र भाव उतरल्यामुळेच हा खडा कारागिराच्या खऱ्या कामाचा झाला. माणिक-नीलम कापताना रतीचाही अंश वाया जाऊ नये, म्हणून कारागीर हात आखडून काम करतो. ॲमेथिस्टमध्ये तो रूपाला प्राधान्य देऊ शकतो. कच्च्या स्फटिकात रंग सर्वत्र सारखा नसतो. तो बहुधा टोकाकडे साचलेला असतो आणि बुंधा फिका असतो. जाणता पैलूकार गडद भाग खड्याच्या तळाशी येईल अशी मांडणी करतो. मग वरून पाहताना संपूर्ण खडा एकाच रंगाने भरलेला दिसतो. ही फसवणूक नव्हे, हे कौशल्य होय.

रंग पाहावा तो दिवसाच्या उजेडात. लुगडे घेणारी बाई दुकानातल्या दिव्याखाली पसंती देत नाही, ओट्यावर नेऊन पदर उलगडते. ॲमेथिस्टलाही तोच न्याय लावावा. पिवळ्या दिव्याखाली त्यात तांबूस झाक येते, बाहेर तोच निळसर भासतो. जांभळ्याचा विरोधी रंग पिवळा, म्हणून पिवळ्या सोन्यात तो उठून दिसतो आणि चांदीत शांत वाटतो. मोत्यांशी त्याची संगत चांगली जमते. कार्टिए या फ्रेंच पेढीने १९४७ साली डचेस ऑफ विंडसर यांच्यासाठी ॲमेथिस्ट आणि फिरोजा यांचा हार घडवला, तेव्हा कमी किमतीचे मानले गेलेले हे दोन खडे जगभर चर्चेचा विषय झाले. आपल्याकडील नथ, ठुशी, चिंचपेटी यांत मान मोती, माणिक आणि पाचू यांचा. जांभळ्याला तेथे जागा मिळाली नाही. हे थोडे खटकते, कारण जांभळ्या पैठणीवर हाच रंग कानात किती शोभेल! काठिण्य सात असल्याने अंगठीपेक्षा कर्णफुले आणि पदक यांत तो अधिक टिकतो. अंगठीच हवी असेल तर कडा झाकणारे कोंदण बरे.

आता व्यवहाराविषयी. ॲमेथिस्ट सुमारे साडेचारशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला की पुष्कळदा पिवळा होतो. बाजारातील ‘सुनेला’ बहुतांशी असाच बनतो. गंमत पाहा, ज्योतिषाच्या हिशेबात कटेला हा नीलमऐवजी शनीसाठी आणि सुनेला हा पुष्कराजऐवजी गुरूसाठी. भट्टीतल्या काही तासांत दगडाचा ग्रहच बदलतो! तापवणे हा गुन्हा नाही. ते न सांगणे हा दोष आहे. याहून गंभीर बाब म्हणजे १९७० च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवलेला ॲमेथिस्ट बाजारात येत आहे. त्याचे गुणधर्म खाणीतल्या खड्यासारखेच असल्याने साध्या भिंगाने तो ओळखणे फार अवघड. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच लागते. छोट्या खड्यासाठी परीक्षणाचा खर्च खड्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून कोणी तपासत नाही. अशा वेळी ग्राहकाच्या हाती उरतो तो केवळ दुकानदाराचा शब्द.

सोन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याविषयी काहीही सांगत नाही. म्हणून पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे आणि खड्याचे वजन व किंमत वेगळी लिहून घ्यावी. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दहा कॅरेटचा खडा दोन ग्रॅम भरतो; तो सोन्याच्या भावाने तोलला गेला तर गारगोटीला सोन्याचे मोल दिल्यासारखे होईल. मागून बंद असलेल्या कोंदणात फिक्या खड्याखाली रंगीत किंवा चकाकता पत्रा असू शकतो, तेही विचारून घ्यावे. विचारणाऱ्या ग्राहकाचा राग न धरणारा दुकानदार हा निम्मे प्रमाणपत्रच समजावा.

भगिनींसाठी आणखी थोडे. आपल्या अंगणातल्या धुळीत गारगोटीचेच कण असतात, म्हणून हा खडा कोरड्या फडक्याने घासू नये. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन मऊ कापडाने टिपावा. काही खडे सतत उन्हात राहिल्याने फिके पडतात. आणि दागिना दुरुस्तीला दिला, तर डाग देण्यापूर्वी खडा काढून ठेवण्यास सोनारास अवश्य सांगावे. फुंकणीची ज्योत लागली तर जांभळा रंग उडतो, आणि घरी परत येतो तो ओळखू न येणारा दागिना.