तहानलेल्या मुलाला रिंगमध्ये पाठवू नका



शारीरिक शिक्षण, क्रीडा प्रशिक्षण, फिजिओथेरपी शिकून आज पदवी घेणारी तुम्ही मंडळी. उद्या तालमीत, मैदानावर, रिंगच्या कोपऱ्यात तुम्हीच उभे असणार. म्हणून हे बोलावणं आलं तेव्हा मी लगेच होकार दिला.

मी फ्लायवेटचा बॉक्सर. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फ्लायवेट म्हणजे ११२ पौंड, ५०.८ किलो. आम्हा हलक्या वजनाच्या बॉक्सरांच्या लढती बहुतेक वेळा संध्याकाळी लवकर लागतात, प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत असतात तेव्हा. पैशांचंही तसंच. हेवीवेटच्या महंमद अली आणि जो फ्रेझर यांना १९७१ साली एका लढतीचे प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. लाइट फ्लायवेटमध्ये एका लढतीचे दहा लाख डॉलर मिळवणारा पहिला माणूस मायकेल कार्बाहाल, आणि तो दिवस उजाडायला १९९४ साल यावं लागलं. फेऱ्या त्याच, रक्त तेच आणि ठोसे आमच्याकडे जास्त. एका ठोशात आडवं करण्याचं बळ आमच्यात कमी, म्हणून आम्ही मारतोही जास्त आणि खातोही जास्त. त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आमचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. सराव संपला की मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा मुलगा सैन्यात गेला, बॉक्सर झाला, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. तरी १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षं हा देश काय करत होता, हा प्रश्न मला आजही पडतो. उस्तादांना ती पद्मश्री बघायला मिळाली नाही.

मी व्यावसायिक झालो तेव्हा आपल्याकडे लढतीच नव्हत्या. मग बाहेर जायचं. बाहेर म्हणजे बहुतेक वेळा थायलंड. तिकडच्या प्रवर्तकाला आपल्या मुलासमोर उभा करायला कुणीतरी हवा असे. इकडच्या मध्यस्थाला फोन यायचा आणि आठ-दहा दिवसांत विमान धरायचं. ठरलेल्या रकमेतून राहणं, जेवण, वैद्यकीय तपासणी, मध्यस्थाचा वाटा असं सगळं कापून घेत. हातात काय उरायचं ते घरी सांगायला लाज वाटावी इतकं. गुणांवर जिंकलेली लढत तिथल्या पंचांनी हरलेली दाखवली तर दाद मागायची कुणाकडे? आपली अशी संघटना नव्हती, विमा नव्हता. करार तर मला वाचता न येणाऱ्या भाषेत.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते वजनाचं.

माझं रोजचं वजन ५७ किलोच्या आसपास. लढत ५०.८ची. खाणं बंद करून थोडं उतरे, उरलेलं पाण्यातून काढायचं. बँकॉकच्या उकाड्यात अंगावर प्लास्टिकचा सूट चढवून धावायचं. खोलीत आलो की बादलीत थुंकत बसायचं. कोपऱ्यातला माणूस सांगायचा, ‘तहान लागली तर चूळ भर, गिळू नकोस.’ काट्यावर उभं राहताना दोन माणसं बगलेत हात घालून उभी असत. काटा जुळला की डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारायचे, नाव विचारायचे आणि सही करायचे. त्या सहीला किती सेकंद लागतात, ते मी चांगलं पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत पाय आपले राहत नाहीत. ठोसा दिसतो, मान हलत नाही.

दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा लाइटवेट. १३ नोव्हेंबर १९८२ला लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढला. १३५ पौंडांत बसण्यासाठी त्याला शेवटच्या दिवसांत फार झगडावं लागलं होतं. चौदाव्या फेरीत तो पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती १५ ऐवजी १२ फेऱ्यांच्या झाल्या. पुढे वजन लढतीच्या दिवशी न घेता आदल्या दिवशी घ्यायची पद्धत आली. हेतू चांगला होता, मुलाला पाणी भरून काढायला वेळ मिळावा. झालं उलटंच. वेळ मिळतोय म्हटल्यावर मंडळी आणखी पाणी काढू लागली. पोटात पाणी एका तासात जातं. ते अंगात सगळीकडे मुरायला एक रात्र पुरत नाही, हे तुम्ही पुस्तकात शिकला आहात.

आता डब्ल्यूबीसी ही जागतिक बॉक्सिंग संघटना लढतीच्या ३० दिवस आधी वजन बघते. ते मर्यादेच्या १० टक्क्यांहून वर नको. सात दिवस आधी ५ टक्क्यांहून वर नको. आयबीएफ या दुसऱ्या संघटनेने लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं करून मर्यादेच्या दहा पौंडांहून जास्त चढू न देण्याचा नियम केला होता. हे नियम मोठ्या लढतींचे. तालुक्याच्या स्पर्धेतल्या चौदा वर्षांच्या मुलासाठी तुम्हीच नियम.

फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ मी थायलंडात लढायचो त्याच काळातला. सप्टेंबर १९९९मध्ये नाखोन सी थम्मारात इथे तो काट्यावरच फ्लायवेटचं विजेतेपद हरला, वजन उतरलंच नाही. मग रिंगमध्येही तिसऱ्या फेरीत बाद झाला. त्यानंतर त्याने मधले गट सोडले आणि थेट सुपर बँटमला गेला. २००१ साली १२२ पौंडांत जगज्जेता झाला, पुढे एकूण आठ गटांत. तोच माणूस, त्याच मुठी. फक्त त्याच्या शरीराला हवं तेवढं वजन ठेवू दिलं गेलं. आमच्या कोपऱ्यात हे सांगणारं कुणी नव्हतं.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅमसाठी बाद झाली. देशभर त्या १०० ग्रॅमवर बोलणं झालं. त्या एका रात्रीत त्या मुलीच्या शरीरानं काय सोसलं, यावर त्याच्या निम्मंही झालं नाही.

माझ्याबरोबर सराव करणारा एक जण होता, माझ्यापेक्षा चपळ. सरावात एकदा बेशुद्ध पडला. पुढच्याच आठवड्यात त्याला पुन्हा वजन उतरवायला लावलं, पुन्हा हातमोजे चढवले. आज तो घराबाहेर पडला की परतीचा रस्ता विसरतो. त्याच्याही कागदावर सही झाली होती.

म्हणून मुलांनो, माझं एवढं ऐका. ४७.६ किलोपासून ५७.२ किलोपर्यंत व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सात गट आहेत. बहुतेक ठिकाणी दीड किलो इकडे-तिकडे झालं की दुसरा गट. मुलगा वाढतोय तर त्याला वरच्या गटात जाऊ द्या. त्याचं वजन महिनाभर आधीपासून वहीत लिहा. लघवीचा रंग विचारा, विचारायला लाजू नका. पन्नास किलोच्या मुलाचं अडीच किलो पाणी काढलं तर त्याच्या शरीराचे पाच टक्के गेले, हा हिशोब त्याच्या आई-वडिलांना समजावून सांगा. पदक हातचं जाईल म्हणून संघ-व्यवस्थापक ओरडेल, संस्थेचे पदाधिकारी फोन करतील. करू देत.

आज तुमच्या हातात आलेल्या पदवीमुळे तुमच्या सहीला वजन आलं आहे. कोरड्या ओठांचा, डोळे खोल गेलेला मुलगा समोर उभा केला आणि ‘फिट लिहा’ म्हणाले, तर सही करू नका. नोकरीवर आलं तरी करू नका. त्याला आधी पाणी द्या.