सुरीचे पाणी

घिसाड्यांची पुष्कळ कुटुंबे आता एका गावी स्थिरावली आहेत. तरीही बेळगावकडील एखाद्या खेड्याच्या वेशीबाहेर बाजाराच्या दिवसांत त्यांचे बिऱ्हाड उतरलेले दिसते. जमिनीत रोवलेली लहानशी ऐरण, शेजारी कोळशाची भट्टी, आणि भात्याच्या जागी बहुधा हाताने फिरवावयाचा पंखा. गिऱ्हाईक भाजी चिरण्याची साधी सुरी मागते. तिच्यासाठी घिसाडी मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा निवडतो, आणि ही निवड शहाणपणाची आहे. साध्या सळईच्या लोखंडात कार्बन फार थोडा असतो. त्याची धार कितीही घासली तरी टिकत नाही. कमानीच्या पोलादात तो शंभर भागांत अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो.

पाट्याचा तुकडा लालभडक झाला की पुरुष तो सांडशीने ऐरणीवर धरतो आणि घरधनीण घण घालते. होय, जड घण बाईच्या हाती! पुरुषाची लहान हातोडी पुढचा घाव कोठे पडावा एवढे दाखविते. बोलणे जवळजवळ नसतेच. पाते लांबते, पाठ जाड राहते, धारेची बाजू पातळ होत जाते, मुठीत शिरणारी शेपटी निघते.

एवढ्याने सुरीचा आकार झाला, सुरी झाली नाही. पुढच्या कामाला मराठीत पाणी देणे म्हणतात. कित्येक कारागीर तडा जाईल या भीतीने तेल वापरतात, पण नाव पाण्याचेच. सुमारे ८०० अंशांवर तापलेले पोलाद एकदम गार केले की ते काचेसारखे कठीण होते, आणि काचेसारखेच ठिसूळ. म्हणून जाणता कारागीर धारेकडचा भाग तेवढा बुडवितो व पाठ तापलेलीच ठेवतो. मग विटेच्या तुकड्याने पाते झटपट घासून उजळ करतो आणि पाहत राहतो. पाठीतील उष्णता धारेकडे येऊ लागते, तसे त्या उजळ भागावर रंग सरकतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. भाजीच्या सुरीला पिवळा पुरे. तो धारेशी पोहोचताच अख्खे पाते गार करावयाचे. उशीर झाला तर धार मऊ पडते. घाई झाली तर करवंटीवर तिचा टवका उडतो.

गिऱ्हाइकाला यातले काहीच दिसत नाही. चांगल्या आणि वाईट पाण्याच्या सुऱ्या सारख्याच चकाकतात. बाई बोटाने धार चाचपते, किमतीची घासाघीस करते, दुकानातल्या स्टेनलेस सुरीचा भाव ऐकविते. ती सुरी सहसा गंजत नाही हे खरेच. ही मात्र लिंबू चिरून तशीच ठेवली तर काळवंडते. उलट हिची धार घरच्या दगडावर थोडी ओढली की परत येते. पाण्याचा दोष उघडा पडतो तो वापरात, आणि तोवर बिऱ्हाड पुढल्या गावी गेलेले असते.

पण फिरतीची वाट पुन्हा त्याच वेशीशी येते. ऐरण रोवली जाताच बायका जुन्या सुऱ्या घेऊन येतात. कोणाची मूठ हलते, कोणाची धार दुमडलेली असते. दुमडलेल्या पात्याची मूठ काढून ते पुन्हा भट्टीत घालावे लागते, आणि स्वाभिमानी कारागीर त्या कामाचे पैसे मागायला कचरतो.