वय पन्नाशीचे, काम पूर्णवेळेचे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बजाजनगर येथे झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



संस्थेच्या आयुष्यात पन्नासावे वर्ष उजाडले की तोरणे लागतात, स्मरणिका निघते, जुन्या कार्यकर्त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. पन्नास वर्षे टिकलेली संस्था अनुभवी आणि भरवशाची मानली जाते. माणसाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा लागतो. पन्नाशीच्या गृहस्थाची नोकरी काही कारणाने सुटली आणि तो अर्ज घेऊन कंपनीच्या गेटवर उभा राहिला, की तोच अनुभव त्याच्या आड येतो. आजच्या मंगलप्रसंगी हा विषय घ्यावयाचा, तो एवढ्यासाठी की या वसाहतीतील अनेक घरांना त्याची झळ लागते आणि संकोचापायी ती उंबरठ्याबाहेर कोणी बोलून दाखवीत नाही.

तरुणांनी वसविलेली वसाहत

वाळूजच्या माळावर बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ साली झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मोठ्या कारखान्यामागोमाग सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग आले आणि त्यांच्या आधाराने बजाजनगर वाढले. गावोगावची शेती, दुकानदारी सोडून येथे आलेली पहिली पिढी विशी-पंचविशीची होती. म्हणजे ही वसाहत एकाच वयाच्या माणसांनी वसविली. त्याचा परिणाम असा, की तिचे तारुण्य जसे एकदम आले तसे तिचे प्रौढपणही एकदम आले. १९८५ साली बावीस वर्षांचा असलेला कामगार २०२१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा झाला. जुन्या गावात आजोबा, वडील आणि नातू वेगवेगळ्या काळात म्हातारे होतात. येथे गल्लीच्या गल्ली एका दशकात पन्नाशी ओलांडते.

आणि प्रत्येकाची नोकरी निवृत्तीपर्यंत टिकतेच असे नाही. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यावर संसार उभारलेल्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. कंपनी चालू असली तरी काम बदलते. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाक्यांमधून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. ज्याने पंचवीस वर्षे कार्बोरेटर हाताळला, त्याच्या बोटांतील कसब कमी झाले नाही. त्या कसबाची वस्तूच बाजारातून उठली.

मुंबईचा धडा

महाराष्ट्राने हे दुःख याहून मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्यांतील असंख्य कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुढे १९८६ मध्ये कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने पुनर्वसन निधी योजना आणली. तिच्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य होते. योजनेचा हेतू असा, की तीन वर्षांत माणूस नव्या कामावर स्थिरावेल. तरुणांना तो मार्ग सापडला. पंचेचाळीशी ओलांडलेला साचेवाला मात्र बहुधा रखवालदार झाला, फेरीवाला झाला किंवा कोकणातल्या, देशावरच्या गावी परतला. साहाय्य उतरत्या क्रमाने संपले. त्याच्या जागी येणारे काम आले नाही. यातून एवढे शिकावयाचे, की उतारवयातील बेकाराला पैशाची मदत हवीच, परंतु तिच्या जोडीला त्याच्या कामाची ओळख ठेवणारा कोणीतरी हवा.

दार कोठे बंद होते

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत शिरण्याची वयोमर्यादा २०१६ मध्ये वाढविण्यात आली, तरीही ती खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे एवढीच झाली. २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आखली गेली. तरुणांना संधी मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पन्नाशीच्या उमेदवाराला राहतो तो खासगी उद्योग, आणि तेथे जाहिरातीतच वयाची अट घालण्यास आपल्याकडे सर्वसाधारण मज्जाव नाही. अमेरिकेने चाळीस वर्षांवरील उमेदवाराला वयामुळे नाकारू नये, असा कायदा १९६७ सालीच केला.

मालकांचेही काही म्हणणे असते. हा जास्त पगार मागेल, नवे यंत्र शिकणार नाही, तरुण सुपरवायझरचे ऐकणार नाही, आजारी पडेल. या शंका सर्वस्वी निराधार नाहीत; पण त्या विशिष्ट माणसाबद्दल विचारून फिटण्यासारख्या आहेत. पगार विचारता येतो. यंत्रावर आठ दिवस उभे करून शिकण्याची तयारी पाहता येते. वैद्यकीय तपासणी करून घेता येते. अर्जावरची जन्मतारीख पाहून कागद बाजूला सारला, तर यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

पूर्णवेळ म्हणजे काय

पन्नाशीच्या माणसाला काम मुळीच मिळत नाही असे नव्हे. बारा तासांची रखवाली मिळते, हजेरीवरचे काम मिळते, सणासुदीला दुकानात मदतनिसाची जागा मिळते. त्यात दिवस पूर्ण जातो. पण ते पूर्णवेळ काम नव्हे. पूर्णवेळ कामाच्या मागे भविष्यनिर्वाह निधी असतो, पात्र असल्यास राज्य कामगार विमा असतो, साप्ताहिक सुटी असते. हा फरक उतारवयात किती मोलाचा आहे, ते एका हिशेबाने ध्यानात येईल.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शन मिळण्यास किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळते. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, हे तिचे सूत्र. समजा, एका गृहस्थांची आठ वर्षांची सेवा झाली आणि चोपन्नाव्या वर्षी नोकरी गेली. पुढे निधीत नोंद असलेले काम मिळालेच नाही, तर त्यांना मासिक पेन्शन नाही. एकरकमी थोडी रक्कम घेऊन खाते संपते. तेच गृहस्थ पंचावन्नाव्या वर्षी निधीची कपात असलेल्या जागेवर लागले आणि दोन वर्षे टिकले, तर दहा वर्षे पुरी होतात. सर्व सेवा सप्टेंबर २०१४ नंतरची आणि पेन्शनपात्र वेतन १५,००० रुपये धरले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याला सुमारे २,१४३ रुपये आजन्म मिळतात आणि त्यांच्या पश्चात पत्नीला त्याचा अर्धा भाग सुरू राहतो. रक्कम मोठी नाही. परंतु महिन्याच्या औषधांसाठी मुलापुढे हात पसरण्याची वेळ एका वृद्ध मातेवर येते की नाही, हे कित्येकदा एवढ्याशा रकमेवर ठरते.

मालकाकडे यातले काय जाते? १५,००० रुपये वेतनावर मालकाचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये होतो. त्यांतील १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ही नोंद बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापना स्वेच्छेने ती करू शकते. म्हणून पन्नास ते अठ्ठावन्न ही आठ वर्षे अत्यंत मोलाची समजावीत. अठ्ठावन्ननंतर निधीत भर पडू शकते, पण साधारणपणे पेन्शनची सेवा थांबते.

उमेदवारांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, नोकरी सुटताच निधीतील पेन्शनचा भाग काढून घेऊ नये. तो काढला की मागची सेवा पुसली जाते. नव्या जागी खाते वर्ग करावे अथवा योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे. दहा वर्षे पूर्ण झाली असल्यास पन्नाशीनंतर पेन्शन लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ती चार टक्क्यांनी घटते आणि ही घट कायमची असते. तातडीची गरज नसेल तर थांबावे.

दुसरी गोष्ट, कपातीत काढून टाकलेल्या कामगाराने आपले हक्क जाणून घ्यावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात नुकसानभरपाईखेरीज नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. तसेच त्याच आस्थापनेत वर्षभरात पुन्हा भरती झाली, तर कपात झालेल्याला प्राधान्य आहे.

तिसरी गोष्ट, अर्ज नव्याने लिहावा. ‘तीस वर्षांचा अनुभव’ या शब्दांनी मालकाला काही कळत नाही. कोणती यंत्रे चालविली, कोणता माल काढला, किती माणसांची शिफ्ट सांभाळली, नापास माल कसा कमी केला, कोणते ऑडिट पार पाडले, हे एका पानात यावे. प्रेस शॉपमध्ये डाय बसविणारा, स्टोअरचा हिशेब जुळविणारा, ग्राहकाची तक्रार समजावून घेणारा माणूस लहान उद्योगाला हवाच असतो. पण अर्ज वाचून तो ओळखता आला पाहिजे. कसब आहे आणि कागद नाही, अशांसाठी पूर्वकौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत शासनाच्या कौशल्य योजनेत आहे. शहरात चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूमसारखी प्रशिक्षण देणारी संस्था आहे. जुन्या कामाला लागून असलेले एखादे नवे कौशल्य शिकून घ्यावे. लेथवाल्याने सीएनसी शिकणे हे नवा जन्म घेणे नव्हे, शेजारच्या खोलीत जाणे आहे.

चौथी गोष्ट मनाची आहे. आपल्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याला ‘साहेब’ म्हणावे लागेल. पूर्वीपेक्षा कमी पगारावर सुरुवात करावी लागेल. यात कमीपणा मानू नये. परंतु पगारात तडजोड करताना निधीच्या कपातीवर तडजोड करू नये. हातात हजार रुपये जास्त देऊन नोंद टाळणारी जागा उतारवयात महाग पडते.

समाजाचे काम

आपल्या समाजात दुकानदार आहेत, लघुउद्योजक आहेत, गोदामे, शाळा, दवाखाने चालविणारे आहेत. म्हणजे नोकरी मागणारा आणि देणारा एकाच मंदिरात शेजारी बसतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. मागणाऱ्याला संकोच वाटतो, देणाऱ्याला ओळखीचा माणूस ठेवला तर उद्या काढता येणार नाही अशी भीती वाटते. दोन्ही अडचणी न्यासाने मध्ये राहून दूर करण्यासारख्या आहेत. न्यासाने एक नोंदवही ठेवावी. तिच्यात उमेदवाराचे नाव गुप्त राहावे आणि पहिल्या स्तंभात त्याचे काम असावे. उद्योजकांनी आपल्याकडील जागा तेथे कळवाव्यात. एक महिन्याची रीतसर पगारी चाचणी असावी, आणि ती संपल्यावर मालकाने ‘हो’ किंवा ‘नाही’ स्पष्ट सांगावे. नकारानेही कोणाचा अपमान झाला असे मानू नये. नोकरी दया म्हणून देऊ नये. दयेने दिलेली जागा पहिल्या मंदीत जाते. कामासाठी दिलेली जागा टिकते.

शेवटी एका थोर पुरुषाची आठवण उचित ठरेल. सोलापूरच्या जैन कुटुंबात नोव्हेंबर १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना स्थापन केला. त्या वेळी त्यांना ५८ वर्षे पूर्ण झाली होती. ज्या वयाला आज पेन्शनचा अर्ज भरला जातो, नेमके तेच वय. त्यांच्यापाशी भांडवल आणि पाठबळ होते, सामान्य कामगारापाशी ते नाही, हे खरे. पण म्हणूनच ज्यांच्यापाशी ते थोडेफार आहे, त्यांचे कर्तव्य वाढते. पुढच्या वेळी दुकानात, कारखान्यात जागा रिकामी होईल तेव्हा अर्जावरील जन्मतारखेआधी कामाची ओळ वाचावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्वांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र.