गुलाल लागला म्हणजे जोतिबाहूनच आला?

यूपीएससीच्या सीसॅटला 200 पैकी 66 गुण लागतात. मी दोनेक गुणांनी हुकलो. नडला तर्काचा एकच प्रश्न. बरोबरला अडीच गुण, चुकीला 0.83 वजा. ‘सगळे अ हे ब आहेत’ असं दिलेलं. मी ‘सगळे ब हे अ’ धरून बसलो.

पुढं चैत्र यात्रेला जोतिबावर गेलो. डोंगर उतरणारे सगळे गुलालानं माखलेले. खाली कोल्हापुरात तसाच एक पोरगा दिसला. विचारलं, "जोतिबाहून काय रे?"

"नाही ओ दादा, आमचं पॅनल निवडून आलं!"

तिथं ट्यूब पेटली. यात्रेहून आला तर गुलाल असणारच. पण गुलाल आहे म्हणून यात्रेहूनच आला, असं नाही. पक्कं एवढंच: गुलाल नाही, तर यात्रेहून नाही.

म्हणून पेपरात टिक करण्याआधी विचारा, गुलाल आणखी कुठं उडतो? चांगभलं!