न्यूयॉर्क इंदापुराहून किती दूर?

बारामतीच्या धांवपट्टीवरून वैमानिकी शिकणाऱ्या तरुणांचीं लहान विमानें उडतात; त्या बाजूच्या शेतकऱ्याला विमानाच्या घरघरीचें आतां नवल राहिलेलें नाहीं. परंतु परदेशीं गेलेला मुलगा घरीं केव्हां पोंचेल, हा हिशेब मात्र पुष्कळ घरांत चुकतो.

इंदापूर तालुक्यांतील एका घरीं पौषांत भल्या दुपारीं म्हातारे वारले. मुलगा न्यूयॉर्कला. त्यानें मिळेल तें विमान गांठलें व निघतांना घरीं दूरध्वनी केला; तेव्हां इकडे सायंकाळचे साडेचार झाले होते. तिकिटावर लिहिलें होतें : न्यूयॉर्क सकाळीं सहा, मुंबई दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसहा. चुलत्यांनीं बोटें मोजलीं. साडेचोवीस तास! म्हणजे उद्यां सायंकाळीं पांचला मुंबई, आणि घरीं येईतों मध्यरात्र. तेव्हां उजाडतांच उरकून घ्यावें, असें ठरलें.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. हिवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेदहा तास मागें असतें. उन्हाळ्यांत तेथें घड्याळें तासभर पुढें सारतात, म्हणून साडेनऊ. साडेचोविसांतून साडेदहा वजा केले कीं खरा प्रवास उरतो चौदा तासांचा.

अंतराचीही अशीच गंमत आहे. भिंतीवरच्या नकाशांत न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतें. पण डाळिंबावर दोन ठिपके काढून त्यांवरून दोरा ताणून पाहावा. मुंबईहून ताणलेला हा दोरा उत्तरेकडे चढतो, रशियावरून आइसलंडच्या आसपास जातो आणि मग खालीं उतरतो. ही वाट सुमारें साडेबारा हजार किलोमीटरांची. अर्थात् विमानाला दोऱ्याबरहुकूम जातां येतेंच असें नाहीं. 2019 च्या फेब्रुवारींत पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तेव्हां दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना जुलैपर्यंत मोठा वळसा पडला.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळें जातांना सोळा तास, तर येतांना चौदाच्या आसपास. पृथ्वी फिरते म्हणून असें होतें, असें शहाणीं माणसेंही सांगतात. पण पृथ्वी आपली हवा बरोबर घेऊनच फिरते, हें तीं विसरतात.

राहिला मुंबई-इंदापूर टप्पा. बारामतीला धांवपट्टी असली तरी मुंबईहून तेथें उतारूंचें नेमाचें विमान नाहीं. पुण्यावरून मोटारीनेंच यावें लागतें. अंतर तीनशें किलोमीटरांच्या आंतलें, पण सहा तास सहज जातात.

त्या घरांत नववींत शिकणारी नात होती. तिनें तिकीट मागून घेतलें, कागदावर वजाबाकी केली आणि चुलत आजोबांपुढें ठेवली. त्यांनीं ती दोनदां तपासली व तिरडी बांधणारांना थांबण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास मोटार अंगणांत आली.