चित्रकाराची वही आणि चित्रकाराचे सोबती

(संघाच्या वार्षिक संमेलनात जरीपटका, नागपूर येथे दिलेले भाषण)



चित्रकारांविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा प्रथम या स्थळाच्या नावाकडेच आमचे लक्ष गेले. जरीपटका म्हणजे मराठेशाहीचे जरीचे निशाण. नावातच एक चित्र आहे. परंतु ही वस्ती आज जशी दिसते तशी वसविली ती मुख्यत्वे १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी. घाईघाईने घर सोडताना काय बरोबर घ्यावे आणि काय मागे टाकावे, हा प्रश्न त्या पिढीपुढे उभा राहिला होता. आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती अशा वेळी हटकून मागे राहते. ती वस्तू म्हणजे चित्रकाराची रोजची वही.

पुस्तकांसाठी व मासिकांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंतास आपल्याकडे मान थोडा व काम फार. कथेच्या माथ्यावर लेखकाचे नाव ठळक छापले जाते. चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात शोधावी लागते. वास्तविक त्याचे काम लेखकापेक्षा एका अर्थी अवघड आहे. लेखकाने 'पागोटे घातलेला एक गृहस्थ' असे लिहिले की तो मोकळा झाला. चित्रकाराची तेवढ्याने सुटका नाही. पागोटे पुणेरी की भाटिया, गृहस्थ भिक्षुक की सावकार, उपरणे कोणत्या खांद्यावर, जोडा कसला, हे सारे त्यास ठरवावेच लागते, आणि ठरवावयाचे तर ते पूर्वी कधीतरी डोळ्यांनी पाहून हाताने उतरवून ठेवलेले असावे लागते. वही ही त्याची कोठी होय. सुगीत भरून ठेवावी आणि वर्षभर काढून खावी.

हे ज्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे होते असे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो. जन्म १८६७ साली कोल्हापुरात. त्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमान त्यांच्या आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून नाव मिळवून गेले होते. १८९० साली धुरंधर त्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, १८९६ साली तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त होऊन बाहेर पडले. तत्पूर्वी संचालकाच्या खुर्चीवर बसण्याचा मानही त्यांस मिळाला होता. या साऱ्या कालखंडाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावाने १९४० साली मराठीत प्रसिद्ध केली. त्यांची मोठी तैलचित्रे, बॉम्बे आर्ट सोसायटीचे १८९५ सालचे सुवर्णपदक, नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मनात भरतात ते पुस्तकांत चित्रे घालणारे धुरंधर. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक, किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या आपल्या कहाण्या, रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक, या सर्वांस चित्रे धुरंधरांची. शिवाय रविवर्मा प्रेससाठी काढलेली देवदेवतांची चित्रे आणि मुंबईच्या रस्त्यावरील माणसांची पोस्टकार्डे निराळीच.

इतक्या जातींची, इतक्या धंद्यांची, इतक्या तऱ्हांनी लुगडी नेसलेली माणसे एका माणसाच्या हातून उतरली कशी? उत्तर वहीत आहे. धुरंधर पेन्सिलीने सतत रेखाटीत असत. घरची माणसे, रस्त्यावरचा मजूर, लग्नघरातली गडबड, प्रवासात दिसलेले देऊळ; आणि रेखाटनाखाली बहुधा सही व तारीख. ही तारखेची सवय आम्हांस फार मोलाची वाटते. जमाखर्चाच्या चोपडीत मिती घातल्यावाचून आपले वाडवडील पान उलटीत नसत. चित्रकारानेही तीच शिस्त पाळली. त्यामुळे १९००च्या आगेमागे पाठारे प्रभूंच्या घरात लग्न कसे होई, स्त्रिया दागिने कोणते घालीत, हे आज ज्यास पाहावयाचे आहे त्यास धुरंधरांच्या चित्रांकडे वळावे लागते. ते स्वतः त्या ज्ञातीचे होते. एखाद्या ज्ञातीचा इतिहास तिच्या अहवालांपेक्षा तिच्यातील चित्रकाराच्या वहीत अधिक सजीव राहतो, हे ज्ञातिसंमेलनात बोलावयास हरकत नसावी.

आता या वह्या राहिल्या कशा ते ऐका. धुरंधर १९४४ साली वारले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई स्वतः जे. जे.च्या पदविकाधर चित्रकार. त्यांनी मुंबईतील खारच्या 'अंबासदन' या घरात वडिलांची चित्रे, रेखाटने व कागदपत्रे जिवापाड सांभाळली आणि 'माझी स्मरणचित्रे' हे आत्मकथनही लिहिले. १९४४पासून २००९ साली त्यांचा अंत होईपर्यंत म्हणजे पासष्ट वर्षे ही राखण चालली! मुंबईचा पावसाळा, वाळवी, जागेची टंचाई आणि 'हे जुने कागद कशाला ठेवता?' असे विचारणारे हितचिंतक, या चौघांशी झगडून. पुढे २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्या भिंतींवरील रेखाटनांमागे एका मुलीचे हात होते, हे प्रेक्षकांपैकी कितीजणांच्या ध्यानी आले असेल, कोण जाणे.

आपल्याकडे काय घडते? आपल्याच समाजातील एक ड्रॉइंग मास्तर वारले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेतल्या वह्या तेराव्यानंतर इतवारीतल्या रद्दीवाल्याकडे गेल्या. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता; ते कोणी मोलाचे मानील असे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते.

वहीनंतर सोबत्यांविषयी. चित्रकाराचे काम एकट्याने करावयाचे असते, म्हणूनच त्यास सोबती अधिक लागतात. लेखकाचे दोष वाचक दाखवितो. चित्राचा दोष दाखविण्यास दुसरा चित्रकारच हवा. याचे उदाहरण आपल्या नागपूरकडेच सापडते. मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ साली नागपूरच्या कलाशाळेत आले. मंडला त्या वेळी मध्यप्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूर, तेव्हा ही वाट स्वाभाविकच होती. पुढे मुंबईस जाऊन त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत चित्ररचनाकाराची नोकरी धरली. जुन्या छापखान्यांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांस ब्लॉक म्हणजे काय हे सांगावयास नको. काळ्या शाईच्या रेषेचा असेल तर जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला लाइन ब्लॉक, छायाप्रकाश हवा असेल तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन. वाईट कागदावर हाफटोन काळवंडे, म्हणून जाणता चित्रकार कागद विचारूनच रेषा ओढी. ब्लॉकच्या धंद्यात पोट भरीत रझा शहर पाहत व रंगवीत होते.

१९४७ साली रझा, सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहाजणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यांतील हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. बाकीच्यांची परिस्थिती पाहा. आरांनी घरगड्याची कामे केलेली; हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी ही मंडळी चित्रापुरती एका ताटात जेवत होती. धुरंधरांच्या पिढीची शैली त्यांस मान्य नव्हती, आणि ते त्यांनी उघड बोलून दाखविले. आम्हांस त्यात अनादर दिसत नाही. नातवाने आजोबांशी वाद घालावा, हे घर जिवंत असल्याचे लक्षण आहे.

सोबत्याचे बोलणे कधी कडूही असते. १९४८ साली काश्मिरात प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांची चित्रे पाहिली आणि तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझान नीट पाहा, अशा अर्थाचा सल्ला दिला. रझा रागावले नाहीत. १९५० साली शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले. तेथून कृष्ण खन्ना, हुसेन आदी मित्रांशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला आणि तो आता पुस्तकरूपाने छापलाही गेला आहे. २०१६ साली दिल्लीत निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांस मंडल्यास वडिलांच्या शेजारी दफन करण्यात आले.

सभेतील वडीलधारी मंडळी मनात म्हणत असतील की हे सारे ठीक, पण पोटाचे काय? शंका रास्त आहे, तिला आम्ही हसणार नाही. वसंत सरवटे यांचे नाव आपण जाणता. पु. ल. देशपांड्यांच्या वल्ली ज्यांच्या रेषेत आपण ओळखल्या आणि 'ललित' मासिकातील ठणठणपाळास ज्यांनी हातोडा दिला, ते सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते व सिमेंट कंपनीत नोकरी करीत. ती नोकरी सांभाळून त्यांनी अनेक दशके चित्रे काढली. म्हणजे एक मार्ग असाही आहे. मात्र तो एकच मार्ग आहे असे म्हणून मुलांची वाट अडविणे आम्हांस मान्य नाही. ज्यास दिवसाचे आठ तास कागदापाशी बसावयाचे आहे त्यास ते बसू दिले पाहिजे.

हे आम्ही आज मुद्दाम बोलतो आहोत. आपल्या संघाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत वैद्यकी, अभियांत्रिकी, विधी आणि वाणिज्य यांची नावे आहेत, चित्रकलेचे नाही. एका गुणी मुलीचा अर्ज याच कारणाने यंदा परत गेला. तिच्या पाच वह्या आम्ही पाहिल्या आहेत. घरातली शिवणयंत्रावर बसलेली आजी, बर्डीवरचा संत्रेवाला, पावसात थांबलेल्या रिक्षा. हात अजून कच्चा, पण नजर चुकत नाही. नियम करणाऱ्यांचा दोष नाही, नियम झाला तेव्हा असा अर्ज कधी येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी दुरुस्तीचा ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिला आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर मत देताना आपण तो वाचूनच द्यावे, अशी विनंती आहे.

दुसरी विनंती घराघरांसाठी. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात कोणाची चित्रांची वही असेल तर ती रद्दीत घालण्यापूर्वी संघाच्या कार्यालयात दाखवावी. मालकी आपलीच राहील. आम्ही केवळ छायाप्रती काढून ठेवू. रेखाटनावर तारीख नसेल तर घरातील वृद्धांस विचारून कागदाच्या मागील बाजूस पेन्सिलीने, शाईने नव्हे, नाव व साल लिहावे. वह्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पावसाळा संपताच सावलीत वारा द्यावा. मुलांसाठी पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी अजबबंगल्यात रेखाटनास नेण्याची व्यवस्था केली आहे. वही व पेन्सिल संघ देईल. खोडरबर मात्र कोणी आणू नये.