एनिमा: दुसरी बाटली नको
आज जरा संकोचाचा विषय. पोट साफ होत नाही म्हणून आपण केमिस्टकडून फॉस्फेट एनिमा आणतो. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, नळी हळूच सरकवायची. जोर लावायचा नाही. साधारण ५ मिनिटांत कळ येते. नाही आली तर? लोक दुसरी बाटली घेतात. ती घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा! औषध आत अडकलं की फॉस्फेट रक्तात जातं, कॅल्शियम घसरतं, किडनी निकामी होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये हाच इशारा दिला: २४ तासांत एकच डोस. आजी-आजोबा, लहान मुलं, किडनीचे किंवा हृदयाचे पेशंट यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. आणि पोटात जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, रक्त पडतंय? मग एनिमा नाही, थेट दवाखाना.